मुंबईची रेडिओ कंपनी आणि तिचे फुकटे श्रोते



गेल्या महिन्यातल्या शुक्रवारच्या बैठकीत जेवणे उरकल्यावर गप्पांचा विषय रेडिओवर गेला. जुन्या मंडळींनी आठवणी काढल्या. डिश नव्हती, फोन महाग होता, तेव्हा जिझानच्या क्वार्टरच्या गच्चीवर तांब्याची तार ताणून शॉर्टवेव्हवर घरचे काही लागते का ते कसे शोधायचो, दमट हवेत ट्रान्झिस्टरच्या सेलना कसा गंज चढायचा आणि ऐन गाण्याच्या वेळी शेजारचे अरबी स्टेशन कसे अंगावर यायचे, वगैरे वगैरे. हे सगळे ऐकून नुकत्याच इकडे आलेल्या एका वहिनींनी साधा प्रश्न विचारला, "काका, पण आपल्याकडे रेडिओ पहिल्यापासून सरकारीच होता का? एफएम यायच्या आधी कुणा कंपनीचे स्टेशन कधी नव्हतेच?" जुन्या मंडळींनी एकमुखाने सांगितले, "नव्हतेच."

हे उत्तर चुकले. त्या बैठकीत आम्हीही मान डोलावली होती, म्हणून दुरुस्ती करणेही आमच्याचकडे आले. मुंबईत रेडिओ सुरू झाला तो खाजगी कंपनीचा म्हणून, आणि ती कंपनी तीन वर्षांच्या आत बुडाली. ती का बुडाली हे वाचताना आम्हाला आपल्याच मंडळाची वर्गणीची वही आठवत राहिली. त्याबद्दल पुढे येईलच.

सुरुवात हौशी लोकांनी केली. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने आपल्या छोट्या यंत्रावरून कार्यक्रम प्रक्षेपित केले. त्याच वर्षी कलकत्त्याला आणि पुढच्या वर्षी मद्रासला तसेच क्लब उभे राहिले. सभासदांची वर्गणी, थोडीफार देणगी आणि भरपूर उत्साह एवढेच भांडवल. आपल्यापैकी ज्यांनी कधी मंडळ चालवले आहे त्यांना या तिन्हींचे प्रमाण सांगायला नको.

क्लबाचे काम पाहून मुंबईच्या व्यापाऱ्यांना यात धंदा दिसू लागला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी स्थापन झाली. मुंबई आणि कलकत्ता येथे केंद्रे चालवण्याचा परवाना सरकारने तिला दिला. अधिकृत भांडवल १५ लाख रुपयांचे होते, पण प्रत्यक्षात उभे राहिले ६ लाख, आणि त्यातलेही साडेचार लाख दोन केंद्रे उभारण्यातच खर्च झाले. मोठ्या भागधारकांत इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी होती आणि हैदराबादचे सावकार राजा धनराजगीरजी होते. गेटवे ऑफ इंडियाजवळचा धनराज महाल आपण सगळ्यांनी पाहिला आहे, तो याच घराण्याचा. तो बांधला गेला मात्र कंपनी बुडाल्यानंतर, १९३० च्या दशकात. सावकार एका धंद्यात बुडत नसतो.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. महिनाभराने, २६ ऑगस्टला, कलकत्ता केंद्र सुरू झाले. कार्यक्रमांची माहिती देणारे 'इंडियन रेडिओ टाइम्स' हे नियतकालिकही कंपनीने काढले. म्हणजे थाट मोठा होता. यंत्र मात्र दीड किलोवॅटचे, आणि त्याचा भरवशाचा पल्ला सुमारे ३० मैल.

३० मैल म्हणजे किती, ते आपल्या हिशेबात सांगायचे तर जिझान बंदरातून फरसान बेटांपर्यंत. (हे नाव ऐकून पहिल्या वर्षी आपण सगळेच हसलो होतो. फेरीने तिकडे जाऊन आल्यावर मात्र तिथे फरसाण मिळत नाही याची खात्री पटते.) मुंबईकडे पाहिले तर ठाणे, पनवेल, अलिबाग, फार तर कल्याण. घाट चढून पुण्याला रोज खात्रीने ऐकू येईल अशी ताकद त्या यंत्रात नव्हती. रात्री हवा चांगली असली तर दूरवर अस्पष्ट ऐकू यायचे, पण त्यासाठी दहा रुपयांचा परवाना कोण घेणार?

हो, परवाना. सगळी गोम तिथेच होती. रेडिओ ऐकण्यासाठी वर्षाला १० रुपये भरून सरकारी परवाना घ्यावा लागे. त्यातले ८० टक्के, म्हणजे ८ रुपये, कंपनीला मिळत. शिवाय परदेशातून येणाऱ्या रेडिओ सामानाच्या किमतीवर १० टक्के आकार व्यापाऱ्यांकडून कंपनीने वसूल करायचा होता. कंपनीची मुख्य मदार या दोन उत्पन्नांवर. ऐकणारा पैसे देईल, विकणारा पैसे देईल आणि त्यावर गाणाऱ्याचे व बोलणाऱ्याचे मानधन निघेल, असा सरळ हिशेब होता.

कागदावर तो बरोबरही होता. विलायतेत बीबीसी याच परवान्यांवर चालत होती आणि १९२७ साली तिथे परवाने होते वीस लाखांहून अधिक. हिंदुस्थानात त्या वर्षअखेरीस होते ३,५९४. त्यात शून्य राहून गेले आहे असे समजू नका, आकडा तेवढाच आहे. १९२८ अखेर ६,१५२ झाले आणि १९२९ अखेर ७,७७५. या शेवटच्या आकड्याला ८ ने गुणा: वर्षाचे ६२,२०० रुपये. महिन्याला पाच हजारांच्या जरा वर, आणि त्यात मुंबई व कलकत्ता अशी दोन केंद्रे चालवायची. इंजिनिअर, निवेदक, गवई, वादक, वीज, जागा, छपाई.

पण ऐकणारे खरोखर एवढेच होते का? इथे गोष्ट रंजक होते. त्या काळी स्वस्तातला रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. एक खनिजाचा खडा, त्याला टोचणारी बारीक तार, एक वेटोळे, उंच बांधलेली एरियल आणि कानाला लावायचे हेडफोन. वीज नको, बॅटरी नको. मुंबईच्या चाळीतला हुशार मुलगा तो घरी बनवू शकत असे. तो आवाज करीत नाही, दिवा लावीत नाही. कानाला लावून बसलेला माणूस रेडिओ ऐकतो आहे हे शेजाऱ्यालाही कळत नसे, मग पोस्टातल्या माणसाला कुठून कळणार? एक हेडफोन पितळी परातीत ठेवला की चारजण वाकून ऐकू शकत. परवाना एकाचा, आणि बहुधा त्याचाही नाही.

व्यापाऱ्यांनीही हात दाखवला. १० टक्क्यांचा आकार वसूल करायचे काम कंपनीच्या गळ्यात होते, पण कस्टमसारखी माल अडवून ठेवण्याची सत्ता तिच्याकडे नव्हती. अनेकांनी तो चुकवला. विनापरवाना ऐकणाऱ्यांवरही कायद्याचा हात नीट पोचत नव्हता. म्हणजे दुकानदार कंपनीच्या कार्यक्रमांच्या जोरावर सेट विकत होता, गिऱ्हाईक कंपनीच्या जोरावर गाणी ऐकत होते, आणि कंपनीला दोघांपैकी कुणीच पुरते देत नव्हते.

आम्ही कंपनीचे वकील नाही. तिचेही चुकलेच. दीड किलोवॅटच्या यंत्रांवर अख्ख्या देशाचे श्रोते मिळवण्याचे स्वप्न पाहिले. एकाच यंत्रावर युरोपियन आणि हिंदी दोन्ही कार्यक्रम वाटून द्यायचे, म्हणजे प्रत्येकाची अर्धी संध्याकाळ दुसऱ्याच्या गाण्यात जाणार. तरीही आमच्या मते खरा घाव फुकट ऐकणाऱ्यांनीच घातला. यंत्र लहान आहे म्हणून श्रोते कमी, श्रोते कमी म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून मोठे यंत्र नाही. या रहाटगाडग्यातून बाहेर पडण्यासाठी जे लोक प्रत्यक्षात ऐकत होते त्यांनी तरी परवाना घ्यायला हवा होता. कदाचित तेवढ्यानेही भागले नसते, पण दोन-तीन वर्षे आणखी मिळाली असती.

१ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली.

महिन्याभरात, १ एप्रिलला, सरकारने दोन्ही केंद्रे ताब्यात घेतली आणि नाव ठेवले इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. सरकारलाही तोटाच होत होता, म्हणून ऑक्टोबर १९३१ मध्ये केंद्रे बंद करायचे ठरले. तेव्हा एकच ओरड झाली, बंगालमधून तर फारच. आणि ओरडणाऱ्यांत पुढे कोण होते? रेडिओचे व्यापारी! गुदामात माल पडून होता, स्टेशन बंद पडले तर तो घेणार कोण? नोव्हेंबरमध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि मे १९३२ मध्ये रेडिओ कायम चालवायचे नक्की केले. मग विनापरवाना सेट बाळगणे हाच गुन्हा ठरवणारा कायदा १९३३ साली झाला आणि १ जानेवारी १९३४ पासून लागू झाला. डिसेंबर १९३२ मध्ये बीबीसीची साम्राज्यासाठीची शॉर्टवेव्ह सेवा सुरू झाल्यामुळेही साहेब लोकांनी सेट घेतले. परवाने १९३२ अखेर ८,५५७ होते ते १९३४ अखेर १६,१७९ झाले. कंपनी ज्याची वाट पाहत मेली ते सगळे तिच्या मागून चार वर्षांत आले. १९३६ च्या जूनमध्ये नाव बदलून ऑल इंडिया रेडिओ झाले.

जाता जाता आपल्या भागाचे एक सांगतो. कंपनीच्या त्या तीन वर्षांत आपल्या दक्षिणेच्या एडनचा मुलकी कारभार मुंबई इलाख्याकडे होता, तो १९३२ पर्यंत. तेव्हा तांबड्या समुद्राच्या तोंडाशी बसलेला कारकूनही मुंबई सरकारचा नोकर असू शकत होता. मुंबईचा रेडिओ मात्र त्याला ऐकू येण्याची आशा नव्हती. आपण राहतो त्या देशात रेडिओ आला १९४९ साली, जेद्दाहून.

यापुढे बरीच वर्षे आपल्याकडे रेडिओ सरकारचाच राहिला आणि जाहिरातीचे नाव नव्हते. जुन्या मंडळींच्या मनात "सगळे सरकारी" हे ठसले ते या काळामुळे. पण याच मंडळींच्या आठवणीतली सगळ्यात गोड गोष्ट आपल्या सरकारची नव्हतीच, आणि भारतातलीही नव्हती. ती होती सिलोन.

दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातल्या फौजांसाठी ब्रिटिशांनी कोलंबोजवळ एकला येथे १०० किलोवॅटचे जबरदस्त शॉर्टवेव्ह यंत्र बसवायला घेतले होते. युद्धानंतर ते सिलोन सरकारच्या हाती आले. मुंबईच्या दीड किलोवॅटशी तुलना करून पाहा! रेडिओ सिलोनने १९५० मध्ये जाहिरातींची व्यापारी सेवा सुरू केली. इथे श्रोत्याने काही द्यायचेच नव्हते. टूथपेस्ट विकणारा पैसे देणार आणि आपण फुकट ऐकणार. मुंबईत कंपनीला ज्या फुकट्या श्रोत्याने मारले, त्याच श्रोत्यावर कोलंबोने पैसा कमावला.

आपल्या सरकारने यात कोलंबोला हातभारच लावला. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त. सिनेमाच्या गाण्यांवर त्यांनी कात्री चालवली, निर्मात्यांशी वाद विकोपाला गेला आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसे झाले. गाणी होती मुंबईत, गाणारे मुंबईत, रेकॉर्ड छापणाऱ्या कंपन्या, जाहिरातदार आणि निवेदकसुद्धा मुंबईत. कार्यक्रम मुंबईत टेपवर ध्वनिमुद्रित व्हायचे, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून ते मुंबईकरांना ऐकू यायचे. ३ डिसेंबर १९५२ रोजी सुरू झालेली बिनाका गीतमाला अशीच. अमीन सयानींना त्या कामाचे आठवड्याला २५ रुपये मिळत, आणि पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली. नंतर आठवड्याची पत्रे ६५,००० पर्यंत गेली. दर बुधवारी रात्री आठ वाजता पानाच्या टपरीपुढे माणसे उभी राहत ते आमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा आपल्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

केसकरांना नुसते हसून सोडून देणे मात्र आम्हाला पटत नाही. त्यांच्याच कारकिर्दीत, २ ऑक्टोबर १९५३ रोजी, पुणे केंद्र सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ पासून त्या केंद्राने वर्षभर गीतरामायण दिले. माडगूळकरांनी लिहायचे, बाबूजींनी चाली बांधायच्या, आठवड्याला एक गाणे, अशी ५६ गाणी. कुठल्या टूथपेस्टवाल्याने वर्षभर मराठी गीतांवर पैसे लावले असते? सिलोनचा जाहिरातदार सबंध देशाला माल विकत होता, म्हणून त्याला हिंदी हवी होती. आपल्याकडच्या श्रोत्याने १९२७ साली स्वतः पैसे दिले नाहीत, मग पुढे जो पैसे देईल त्याच्या आवडीचे ऐकत गेला, सरकार देईल तेव्हा सरकारच्या आणि साबणवाला देईल तेव्हा साबणवाल्याच्या. सरकारच्या पैशात मराठीचा वाटा ठरलेला तरी होता.

सिलोनला उत्तर म्हणून ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती आली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. पहिली केंद्रे कोणती? मुंबई, पुणे आणि नागपूर. तिन्ही आपलीच. म्हणजे १९३० साली मुंबईत बंद पडलेले 'कमावणारे' रेडिओ स्टेशन सदतीस वर्षांनी सरकारी कोट घालून परत आले, आणि यावेळी पुण्या-नागपूरलाही पोचले. जाहिरातींची गाणी कार्यक्रमांपेक्षा जास्त पाठ असणारी एक पिढी यातून तयार झाली. आमच्यातल्या काहींना रासायनिक सूत्रे विसरायला होतात, पण त्या वेळच्या धुण्याच्या पावडरीचे गाणे चुकत नाही.

खाजगी एफएमची हकीकत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९९३ मध्ये आकाशवाणीने मुंबईच्या एफएमवरचे काही तास खाजगी कंपन्यांना दिले आणि १९९८ मध्ये परत घेतले. स्वतःचे यंत्र असलेली खाजगी स्टेशने मुंबईत २००२ साली सुरू झाली. त्यांनाही सरकारला द्यायच्या ठरावीक आणि दरवर्षी वाढणाऱ्या शुल्काचे ओझे पेलेना. २००५ पासून उत्पन्नाचा हिस्सा देण्याची पद्धत आली तेव्हा त्यांनी श्वास घेतला. या स्टेशनांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. मुंबईच्या स्टेशनांवर मराठी गाणे क्वचित लागते ही तक्रार तर पहिल्यापासूनची. सुट्टीवर गेलो की टॅक्सीत आपणही ती करतो आणि टॅक्सीवाल्याला स्टेशन बदलायला सांगत नाही.

आता त्या वहिनींच्या प्रश्नाचा उरलेला भाग. त्यांनी बैठकीत पुढे असेही विचारले होते की, आता फोनवर आकाशवाणीचे ॲप आहे, मराठी केंद्रे इथे बसून स्वच्छ लागतात, मग आपल्या मुलांना ती ऐकायची सवय का नाही? यावर बरीच चर्चा झाली. काही म्हणाले मुलांना चित्र लागते, काही म्हणाले मराठीच कमी पडते. आमच्या लक्षात एवढेच आले की बैठकीला आलेल्यांपैकी दोघांच्याच फोनवर ते ॲप होते. फुकट असूनही.

आणि आता वर्गणीची वही. आपला हा अंक आम्ही झेरॉक्स करून वाटतो. तो ज्या घरी जातो तिथून पुढे त्याची झेरॉक्स निघते, तिची आणखी एक निघते, आणि सबिया, अबू अरीशपर्यंत पोचताना अक्षरांना मिशा फुटलेल्या असतात. अंक वाचला जातो याचा आम्हाला आनंदच आहे. पण जितक्या घरांतून "या वेळी अंक उशिरा का?" असे विचारणारा फोन येतो, त्याच्या निम्म्या घरांतूनही वर्गणी आलेली नाही. क्रिस्टल सेटवाल्या श्रोत्यांबद्दल आम्ही वर जे लिहिले ते लिहिताना काही चेहरे डोळ्यांपुढे होते, हे मान्य करतो. विशेषांकाच्या जादा पानांचा खर्च दोन सभासदांनी गेली दोन वर्षे खिशातून केला. त्यांतले एक कुटुंब या उन्हाळ्यात कायमचे परत चालले आहे.

जाता जाता एक चांगली बातमी. आमच्यातल्या एका काकूंकडे त्यांच्या सासऱ्यांची रेडिओ परवान्याची पुस्तिका निघाली आहे. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे, तिकीट चिकटवायचे, शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकात परवाना रद्द होईपर्यंत त्यांनी एकही वर्ष चुकवले नाही. गावात तपासायला कुणी येत नसे, तरीही. पुस्तिकेची शेवटची काही पाने कोरी आहेत. काकू ती येत्या शुक्रवारी बैठकीला आणणार आहेत. मुलांनाही घेऊन या, हात धुऊन पाहायला देऊ.

वर्गणी त्याच दिवशी, जेवणापूर्वी घेतली जाईल.